दारावरची करवत

पर्थ, ऑगस्ट १९९६

आये, तुझ्या पाया पडतो. मी बरा हाय, नीट जेवतो. तुझे गुडघे कसे हायत?

इथल्या म्युझियमच्या बाईंपुढं मात्र हात टेकले. त्यांच्यासाठी मी दोन मूर्ती केल्या. एक पोटाच्या पिशवीत पोर वाढवणारी इथली बिलबी, दुसरा आपल्या खाडीतला करवतीच्या नाकाचा पाकट मासा. दोघांचाही वंश संपत आलाय, पण सगळी गर्दी बिलबीच्या सशासारख्या कानांपुढं. म्हणून पाकटाला आपण हमरापुरात गणपतीला आखतो तसे डोळे आखले. लोक थांबायला लागले, तर खऱ्या पाकटाचे डोळे असे नसतात म्हणून बाईंनी ते खरवडायला लावले.

त्यात तुझं पत्र, की रंगकामात दारावरची पाकटाची करवत टाकून देते. बाई विचारतात, तुमच्या खाडीत पाकट शेवटचा कधी दिसला. मला आपल्या दारावरचाच आठवतो. तेवढा राहू दे.

तुझा मिथुन