शंभराला साडेतीन

३ सप्टेंबर
आज समस्त चष्मेधारी जनतेच्या वतीने निषेध नोंदवते. बँकेच्या माहितीपत्रकात 'मोफत' शब्दाच्या डोक्यावर चांदणी असते, आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात. भिंग घेऊन वाचला. काजलकडचं कार्ड मोफत — पण परदेशात वापराल तर शंभराला साडेतीन रुपये, वर जीएसटी.

काजल अठ्ठावीसला जर्मनीला चालली, नर्सिंग शिकायला. तिथे शिकतानाच पगार मिळतो, पण तो पहिला होईपर्यंत आमच्या केळीच्या पैशावर दिवस काढायचे. ते बँकेनेच कुरतडले तर पोरगी खाणार काय?

५ सप्टेंबर
दीर रतिलालभाऊ सल्ला द्यायला आले. "वहिनी, युरो भरून देतात ते कार्ड घ्या. रुबाब असतो." त्यात भरताना पैसे, उरलेले काढतानाही पैसे. रुबाबाचे वेगळे लावत नाहीत, हेच नशीब.

काजलनं स्वतः एक शोधलं. साधं डेबिट कार्ड. वार्षिक फी नाही, परदेशी खरेदीवर जादा काही नाही, इथेही तेच चालतं. "एटीएममधून काढले तर कापतात, आई. मी दुकानातच वापरीन."
"चांदणी?"
"तळापर्यंत वाचलं."
पोरगी माझ्यावर गेली.

१७ सप्टेंबर
कार्ड आलं. शहाद्याला जाऊन आणलं.

१९ सप्टेंबर
यांनी कार्डाला लॅमिनेशन करून आणलं!

आमच्या घरात सातबारा, रेशनकार्ड, काजलची मार्कशीट — जे मोलाचं ते प्लॅस्टिकात. म्हणाले, "तिकडे बर्फ पडतो. भिजलं तर?" आता ते कुठल्याच मशीनच्या तोंडात जात नाही. बँक म्हणते, नवीन यायला पंधरा दिवस. विमान नवव्या दिवशी. उरतं जुनं, साडेतीनवालं.

काजल रडली नाही, नुसती कार्डाकडे बघत बसली. ते जास्त वाईट. हे जेवले नाहीत. मी आग्रहही केला नाही.

२० सप्टेंबर
काजलला घेऊन झेरॉक्सवाल्या दोधूभाऊंकडे गेले. भांडायच्याच तयारीनं.

"ताई, भाऊ म्हने पोर दूर जाई ऱ्हायनी, मजबूत करी दे. मी काय नही म्हनू?"

'भाऊ' म्हणजे आमचे हे. यावर काय भांडणार? त्यांनी ब्लेड घेतलं आणि कडेकडेनं प्लॅस्टिक सोलायला बसले. तासभर. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. एकजण म्हणाला, "दोधू, ऑपरेशन करी ऱ्हायना का?"
"गप रे भो. आठ दिनमा पोरनं विमान शे."

सोललेलं कार्ड घेऊन शेजारच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. खोकला कुणालाच नाही. मशीननं कार्ड घेतलं, पावती दिली.

घरी येऊन यांना ताट वाढलं. तिकडे चालेल का, ते तिकडेच कळणार.

२८ सप्टेंबर
गेली. यांनी चार वेळा विचारलं, कार्ड घेतलं का. ती चारही वेळा "हो पप्पा" म्हणाली.

३० सप्टेंबर
सकाळी बँकेचा मेसेज — खात्याला नंबर माझा आहे. दोन युरो ऐंशी. दुकानाचं नाव आम्हा दोघांनाही वाचता आलं नाही. काजलला विचारलं. "पाव घेतला, आई. गरम होता." हिशेब करून पाहिला. वर एक पैसा नाही.

दोधूभाऊंनी दोन्ही वेळा पैसे घेतले नव्हते. संध्याकाळी जाऊन त्यांच्या काउंटरवर चाळीस रुपये ठेवले — वीस चढवल्याचे, वीस उतरवल्याचे.