तीन बरगड्यांचा रविवार

थॉर्नगिल, यॉर्कशर
मंगळवार, १३ जुलै १९५४

चि. हेटीला आशीर्वाद, उरलेत तेवढे सगळे.

तुला एक आजी आहे. नाव थर्झा, पत्ता जुनाच. आठवते का बघ. मे महिन्यात माझा वाढदिवस होऊन गेला. तुझं कार्ड आलं नाही म्हणून मी तो धरलाच नाही, तेव्हा वय अजून एक्क्याऐंशीच.

अक्षर बघून दचकू नकोस. दर वेळी तुझी मामी लिहिते; आज नर्स गार्बट लिहितायत. माझ्या पायाची पट्टी बदलायला दर मंगळवारी येतात. त्यांना म्हटलंय, मी बोलेन तसंच उतरवा, सुधारू नका. तब्येत छान आहे, तो पाय सोडून.

मांसाचं रेशन उठलं ते तुमच्या व्हिटबीलाही कळलं असेल. चौदा वर्षं आठवड्याचं मांस तळहातावर मावत होतं. शनिवारी विल्फमामा खाटकाकडे गेला आणि बीफच्या तीन बरगड्यांचा अख्खा तुकडा काखेत मारून आला. वर बोटभर पिवळी चरबी. मेबलमामीनं तो बघितला आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. उकडायला! तिला तरी काय बोलणार, लग्न झाल्यापासून असं मांस तिच्या हाती आलंच नव्हतं. मी म्हटलं, "मेबल, त्या पातेल्यात चादरी धू. मला भट्टीसमोर खुर्ची दे."

रविवारी सकाळी उठल्याउठल्या ते थंड फडताळातून बाहेर काढायला लावलं. गारच भट्टीत गेलं की बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. मोहरीची पूड, पीठ आणि मीठ चोळलं, चरबी वर, हाडं खाली. आच बघायला भट्टीत हात घालून वीस आकडे मोजले. तेवढे मला येतात. आधी कडक आच, मग मंद, आणि दर पंधरा मिनिटांनी सुटलेली चरबी चमच्यानं अंगावर. मांसाबरोबरच्या खाऱ्या पुडिंगचं पातळ पीठ शेवटी त्याच उकळत्या चरबीत ओतलं. असं फुगलं, की मेबल दोन पावलं मागे सरली.

रस मुरावा म्हणून मांस बाहेर काढून फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. विल्फ सुरी घेऊन उभाच.

"आई, गार होईल ते."

"तू जेवून तासभर घोरतोस, गार होतोस का? बस खाली."

आणि मग त्यानं कापलं. हेटी, तुला तर ठाऊक आहे. सुरी आधी हाडाच्या कडेनं फिरवून मांस मोकळं करायचं, मग आडवे पातळ काप. आजोबांनी तुला स्टुलावर उभं करून शिकवलं होतं. विल्फनं वरून सरळ सुरी घातली, ती हाडावर अडली, आणि तो करवत चालवावी तसा चालवायला लागला. चौदा वर्षांनी आलेलं मांस, त्याच्या चिंध्या झाल्या.

"जनावरच म्हातारं होतं," म्हणाला.

"जनावर चांगलं होतं," मी म्हटलं. "हेटी असती तर काप कागदासारखे पडले असते."

त्यानं सुरी खाली ठेवली. "मग बोलव की तुझ्या हेटीला. आणि तिला हेही सांग, की तो कागद मी तुला दोनदा वाचून दाखवला होता. की मीच कळवू?"

मेबलनं घाईनं पुडिंग वाढलं. मी खाली मान घालून खाल्लं.

नर्सबाई थांबल्यात. लिहा म्हटलं, लिहा.

वरचं कुरण आणि बारा गाई हेटीच्या, असं आजोबांनी जाताना तुझ्यामाझ्यासमोर सांगितलं होतं. विल्फ लढाईवर असताना सहा वर्षं ते शेत तू आणि आजोबांनी ओढलं. पुढे विल्फनं कागद आणला, सगळं त्याच्या नावावर, आणि मी त्यावर सहीची फुली मारली. तू विचारलंस, "आजी, असं का केलंस?" मी एप्रन तोंडाला लावला आणि म्हटलं, "मला मेलीला वाचता कुठे येतं? त्यानं सांगितलं इथे मार, मी मारली." तू मला जवळ घेतलंस, मामाला शिव्या दिल्यास आणि बसनं निघून गेलीस. सहा वर्षं तू त्याच्यावर रागावलीस आणि माझी काळजी केलीस.

त्यानं खरंच दोनदा वाचला होता. दुसऱ्यांदा मीच सांगितलं, हळू वाच म्हणून. त्यात काय आहे ते मला पुरतं कळलं होतं. तू मुलगी, लग्न करून जाशील, मग म्हातारीला कोण विचारेल, ही भीती होती. विल्फनं मला वरची उन्हाची खोली कबूल केली होती. त्या खोलीसाठी मी तुझं कुरण दिलं. आता पायऱ्या चढवत नाहीत, भांडी घासायच्या मोरीशेजारी खाट टाकलीय.

मामा सांगेल या भीतीनं ही आत्ता बोलतेय, असं तुला वाटेल. ते थोडं खरं आहे. पण मेबलच्या हातानं हे लिहिता येत नव्हतं, हेही खरं.

माफ कर असं म्हणत नाही. तू लगेच करशील, तुझा स्वभावच तसा. जरा वेळ लाव. शिव्या द्यायच्या असतील तर मंगळवारी पोचतील अशा बेतानं टाक, नर्सबाई स्पष्ट वाचतात.

आणि पुढेमागे काही पाठवावंसं वाटलंच, तर धुरी दिलेल्या हेरिंग मासळीची एक जोडी पाठव. ख्रिसमसला म्हातारीच्या घशात अडकतील म्हणून एकेक काटा काढून पाठवली होतीस. आता तसं करत बसू नकोस. काट्यांसकट पाठव.

थर्झा