शेड बुटकीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा वेल्डिंगचा (आता बंद), डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र करते. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे लिहून दिले आहे. माझ्या मुलाला शंका आल्यास त्याने त्यांच्याकडे जावे, रांगेत बसावे.

१. गल्लीतले माझे घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि पुढची पत्र्याची शेड, माझ्या हाताखाली काम केलेल्या बुटकीला द्यावे. नवरा गेल्यावर मी हे काम शिकले आणि तिला शिकवले. शेड बंद पडल्यापासून ती शहराबाहेर दुसऱ्याच्या कारखान्यात राबते. घर बिल्डरला विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे. मात्र भाव करताना त्याला रडवावे.

२. मशीन आणि हत्यारेही तिचीच. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला त्यातले काही देऊ नये. शेजारच्या लेथवाल्याची जुनी पाटी त्याने दुकानात शोभेला टांगली आहे. लेथवाला कुठे गेला, हे मात्र त्याला माहीत नाही.

३. मुलाला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते. समोरच्या नव्या बिल्डिंगचे सगळे कठडे आमच्या शेडमध्ये झाले. मुलाने तिथेच फ्लॅट घेतला, तेव्हा लेक नजरेसमोर राहील म्हणून मी सुखावले. पुढे तिथल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली आणि शेडला टाळे लागले. पालिकेतल्या सुनावणीत साहेबांनी तक्रारदारांची नावे वाचली, त्यात त्याचेही होते. मी त्याच्या घरी जाऊन विचारले. तो म्हणाला, "आई, सगळ्यांनीच सही केली. मी एकटाच वेगळा कसा दिसणार?" वर, तुझे आता आरामाचे दिवस आहेत, असेही म्हणाला. मी चहा न घेता उठले. पुन्हा त्याच्या दारात गेले नाही. गॅलरीचा कठडा त्याच्याकडे आहेच, तेवढे पुरे.

४. सोन्याच्या बांगड्या सुनेला द्यायच्या होत्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणाले, म्हणून त्या कालच तिच्या हातात घातल्या. आत्ता ती समोर बसून हे वाचते आहे. म्हणाली, "हे कळल्यावर ते माझ्याशी बोलणार नाहीत." मी म्हटले, मग साक्षीला गल्लीतल्या शिंपीकाकांना बोलावते. ती म्हणाली, "नको. पेन द्या."

सर्व वाचून, समजून घेऊन, साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही)
२. सून (सही)