छत्तिसावा फोटो

प्रिय मधू,

आधी सवयीने ‘चि. मधू’ लिहिलं. धाकट्या दिराला चिरंजीव लिहायचं, एवढंच मला पत्राचं वळण ठाऊक. मग ‘चि.’ खोडलं. खोडताना कागद फाटला, इतकी चिडले होते. वर्ष झालं रे, राग काही उतरत नाही. आणि आज सुषमाने तुझा कॅमेरा मागितला, म्हणून लिहायला बसले.

नाही दिला मी! “त्या मेल्या डब्याला हात लावायचा नाही,” म्हणाले तुझ्या बायकोला. ती हळूच म्हणाली, “वहिनी, त्यात ह्यांचा फोटो आहे.”

आहे ना. मीच तर काढलाय.

अख्ख्या नेरुळची लग्नं काढलीस, बारशी काढलीस. दिवाळे गावच्या कोळणींपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना “हसा जरा” म्हणत स्टुलावर बसवलंस. आणि भिंतीवर लावायला तुझा एक धड फोटो नाही घरात! कुणाच्या तरी वरातीच्या फोटोतून तुझं तोंड मोठं करून आणलं, तर कानाशी परक्या माणसाचा फेटा. रोज तो फेटा पाहते आणि तुला शिव्या घालते.

सुट्टीचं खूळ माझंच, कबूल. पितृपक्षात लग्नं नसतात, दुकान ओस. मी म्हटलं, “पासपोर्ट काढून काढून डोळे चौकोनी झाले तुझे. चल, समुद्र दाखव आम्हाला.” शेजारणी म्हणाल्या, या पंधरवड्यात कुणी फिरायला जातं का? मी त्यांनाच झाडलं. आता त्या काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं.

तुझ्या दादाला रबाळ्याच्या कंपनीतून रजा मिळेना, म्हणून आपण तिघंच गेलो. मालवणच्या अलीकडचे ते काळे खडक! खडकातल्या भोकांतून पाणी कसं उसळतं, ते गुडघे टेकून बघत बसायचास. “वहिनी, हा दगड बघ, हुबेहूब दादाचं नाक!” किती हसलो रे आपण! चौदा वर्षांचा पोरका आमच्या दारात आलास, तेव्हापासून तुला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी कॅमेरा हिसकावून तुझा फोटो काढला मी. “बोट बाजूला घे, नाहीतर बोटाचाच येईल!” म्हणून ओरडलास. मग सुषमा खोलीवर सामान आवरायला गेली, आणि मी म्हटलं, पुरे, चल आता.

तर तुझं टुमणं, “छत्तिसातले चारच उरलेत, वहिनी. अर्धा रोल धुवायला टाकणं म्हणजे भरलं ताट उकिरड्यावर ओतणं.”

खडकाला चिकटलेली कालवं काढणाऱ्या त्या म्हातारीने सांगितलं होतं की नाही तुला? “ओ फोटोवाल्यानू, वर येवा! भरती लागली.” तिची कोयती थांबली, टोपली उचलून ती निघाली. जिचं पोट त्या खडकांवर, ती निघाली! आणि तू खालच्या शेवाळावर उतरलास. एक काढलास. दोन. तीन.

लाट आली तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर होते. तू काय केलंस? खडक धरलास? माझा पदर धरलास? दोन्ही हातांनी कॅमेरा वर फेकलास! “वहिनी, झेल!”

आणि मी मूर्ख, झेलला. दोन्ही हातांनी. तुझ्या दुकानात पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून मी धड अक्षर शिकले, तिथलीच ती शिस्त अंगात भिनलेली, कॅमेरा पडता कामा नये! मी हात मागे घेतले असते, पडू दिला असता, तर माझे हात तुझ्यासाठी मोकळे नसते का? वर आलेलं डोकं एकदाच दिसलं. मग नुसता फेस.

तुझ्यावर चिडते, ते निम्मं माझ्यावरच आहे. पण निम्मं तुझ्यावरही आहे, सुटलास असं समजू नकोस.

कॅमेरा तांदळाच्या डब्यामागे दडवून ठेवला होता. सुषमाला सांगितलं, रोल खराब झाला असेल. खोटं बोलले. घरात फोटो आला की तू गेलास हे खरं होईल, असं वाटायचं. तिला मात्र तुझं तोंड हवंय, कुणाच्या फेट्याशिवाय. तिचा हक्क होता, आणि मी तो वर्षभर दाबून बसले.

मघाशी परत आली ती. शेवटचे तीन निघाल्याचं मीच सांगितलं होतं तिला. “वहिनी, एकच उरलाय ना? ह्यांना अर्धा रोल चालायचा नाही. तो मी काढते. मग धुवायला देऊ.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझा पीळ आता तिच्यात!

तर ऐक. उद्या सकाळी दुकानाचं शटर तिच्यासोबत मी उचलणार आणि कॅमेरा तिच्या हातात देणार. तू जन्मभर मागे लागलास, “वहिनी, एकदा बस ना स्टुलावर,” आणि मी पिठाचे हात दाखवून पळत राहिले. उद्या बसते. छत्तिसावा फोटो माझा. पण हसणार नाही हं. हसा म्हणणारा राहिलाय कुठे?

तुझी,
वहिनी