उंचीचा रकाना

३ फेब्रुवारी
चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.
आपल्या अडीच वर्षांच्या ठकीचे या महिन्याचे वजन-उंचीचे आकडे मिळाले. दहा किलो, चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. तीन महिने वजनाचे तीन ठिपके माझ्या तक्त्यावर बाकावर बसल्यासारखे शेजारी शेजारी आहेत. एकतीस वर्षं मी बालरुग्णालयात मुलं तोलली. मूल वाळतं तेव्हा आई दुसरीकडे गुंतलेली असते. तू शिवणाच्या कारखान्यात. डॉक्टर रक्त-लघवी तपासू म्हणतात? आधी घास तपासा म्हणावं. पुढच्या महिन्यात रेघ चढली नाही, तर ठकीला इथे घेऊन येईन. मग तू खुशाल शिव. आकडे लेखीच पाठव, फोनवरचे मी धरत नाही.
लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
तुझी सासू

४ मार्च
ती. आईंस,
सा. न. वि. वि.
तुम्ही पाठवलेल्या काट्यावर ठकीला आज तोललं. दहा किलो चारशे. उंची चौऱ्याऐंशी. जेवते, पण पाणी फार पिते आणि चार पावलं चालली की कडेवर घे म्हणते. तपासण्या करून घ्याव्यात असं ह्यांना वाटतं. मी हल्ली दुपारीच घरी येते. तिला माझ्यापासून नेऊ नका, एवढंच मागणं.
माया आहे ती राहू द्यावी.
आपली सून

९ एप्रिल
चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.
मार्चात चारशे, आता आणखी तीनशे. बघ, मी जीभ चालवली की रेघ चढते. शेजारच्या मास्तरीणबाईंना तक्ता दाखवला, तर म्हणाल्या, तुम्ही नातीबरोबर सूनही वाढवताय. पोट धरून हसलो. तपासण्यांचं मी मुलाला फोनवर सांगून टाकलं, सुया टोचून पोर रडवायचं काही कारण नाही. त्याला पटलं. तो पहिल्यापासून समंजस. पाणी पिते तर पिऊ दे.
तुझ्यावरचा लोभ सध्या दहा किलो सातशे.
तुझी सासू

२१ जुलै
ती. आईंस,
ठकी आठ दिवस रुग्णालयात आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. मार्चात आणली असती तर पुष्कळ वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.
वजनं खोटी होती. तिला नेतील या भीतीनं मी दर महिन्याला आकडा वाढवत गेले. ती दहावरच होती, आता साडेनऊ. तपासण्या थांबल्या तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. ते माझं पाप, आणि आज ह्यांना सांगणार आहे.
उंची मात्र मी खरीच लिहिली. सहा महिने चौऱ्याऐंशी. तुम्हाला कळवलेले आकडे टिपून ठेवलेली माझी वही पाहून डॉक्टरांनी विचारलं, वजन चढतंय आणि उंची तसूभर हलत नाही, हे तक्ता भरणाऱ्याला दिसलं कसं नाही?
सून

२४ जुलै
चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.
तक्ता काढून पाहिला. उंचीचे सहा ठिपके, माझ्याच हातचे, पट्टीनं आखल्यासारखे. एखाद्या शिकाऊ परिचारिकेनं असा तक्ता आणला असता तर मी तिच्या तोंडावर फेकला असता. मी वजनाचाच रकाना बघत राहिले, तुला बोल लावायला तिथे जागा होती.
तक्ता मी फाडला. तूही वही फाड. मुलाला वजनांचं सांग, ते लपायचं नाही. उंचीचं बोलू नकोस. तू ठकीची आई आहेस, तुला तो कधीतरी माफ करेल. मला म्हातारपणी त्याच्याच दारात यायचं आहे.
परवापासून तो माझा फोन उचलत नाही. तू त्याला नेमकं काय सांगितलंस, ते उलट टपाली कळव.
लोभ ठेव.
तुझी सासू