ओढ्यावरची रेघ

पिंपळदरा, ता. शिरूर, जि. पुणे
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
राजश्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आई बरी आहे. कानाला मशीन लावूनही तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं. मागच्या खेपेला मी अर्धा तास घसा फोडून बोलले आणि शेवटी तू विचारलंस, बाकी काय विशेष. म्हणून हा कागद.

विशेष असं, की आपल्या गावाचे दोन भाग होणार आहेत. रांजणगावच्या कंपन्यांमुळं इथं खोल्यांच्या चाळीच्या चाळी उठल्यात. बिहार-ओडिशाची माणसं, तीन पाळ्यांच्या बसगाड्या, अंगणवाडीत माझ्याकडं निम्मी पोरं हिंदी बोलतात. आता एक ग्रामपंचायत पुरत नाही म्हणतात. वॉर्ड एक आणि दोन जुन्या गावात राहतील, तीन आणि चार मिळून नवी पंचायत होईल. मधली हद्द ओढा.

आता तूच बघ. आपल्या सिद्धार्थनगरात घरं बावीस. पंधरा ओढ्याच्या अलीकडं, जुन्या गावाच्या बाजूला. विहार, पाण्याची टाकी आणि आपली स्मशानभूमीही त्याच बाजूला. सात घरं पलीकडं, त्यात आईचं. म्हणजे आम्ही सात घरं उद्या दुसऱ्या गावची.

टाकीचं काय व्हायचं ते होईल. आईनं एकच धरून ठेवलंय. स्मशानभूमीच्या त्या तीन गुंठ्यांसाठी आपले आबा शिरूरच्या कचेरीपुढं अकरा दिवस बसले होते, आणि शेवटी त्याच जागेत गेले. तिला त्यांच्या शेजारी जायचंय. जुन्या पंचायतीनं आत्ताच ठराव केलाय, की जागा फक्त हद्दीतल्यांसाठी. नव्या पंचायतीची जागा पार माळावर, आणि तिथं आम्हाला कुणी नाही म्हटलेलं नाही, तसं हो सुद्धा म्हटलेलं नाही. आई रोज विचारते, मला परक्या गावात न्याल का गं.

१० मार्चपर्यंत हरकती घेणार आहेत, २० तारखेला सुनावणी. तू जन्मभर मुंबईचे तुकडे पाडलेस, आता आमचा एवढा एक जोडून दे. आमचे ईश्वर रात्रपाळीला आहेत, त्यांचा जयभीम. वहिनींना सांग, मेथी वाळवून ठेवलीय.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.
राजू


गोवंडी, मुंबई
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजूस,
दादाचा जयभीम व मंगल आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. अक्षर अजून तसेच आहे, शेवटच्या ओळी कागदावरून खाली पडतात. असो.

पहिली गोष्ट, मी तुकडे पाडले नाहीत. तुकडे वरचे लोक पाडतात, आरेखक फक्त रेघ ओढतो. चौतीस वर्षे वॉर्ड ऑफिसात तेच केले. राजधानीचे शहर म्हणून लोकांना वाटते, की कुणी मोठा विचार करून आखले असेल. तसे काही नाही. आधी नुसते बेट होते, त्याचे ए पासून जीपर्यंत वॉर्ड. १९५० साली हद्द अंधेरी-भांडुपपर्यंत सरकली, सत्तावन्न साली दहिसर-मुलुंडला जाऊन टेकली. गावेच्या गावे, कोळीवाडे, भाताची खाचरे, सगळे एका कागदात आले आणि त्यांना एच ते टी अशी अक्षरे मिळाली. मधली आय, जे, ओ, क्यू ही अक्षरे का गाळली ते मी पहिल्या दिवशी साहेबांना विचारले होते. निवृत्तीच्या दिवशीही मला ते माहीत नव्हते. मग माणसे वाढली तसे एकाचे दोन झाले, पूर्व आणि पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. आमच्या एम वॉर्डाचेही दोन झाले. नव्वद साली तर उपनगरांचा जिल्हाच वेगळा केला. ज्यांची घरे हलली नाहीत त्यांचे पत्ते चार वेळा बदलले.

एकदा एक म्हातारी ऑफिसात आली. तिच्या गल्लीच्या मधोमध रेघ गेली होती. कचरा अलीकडच्यांनी उचलायचा की पलीकडच्यांनी, यावर दोन्ही ऑफिसे तीन महिने पत्रव्यवहार करत होती. ती मला म्हणाली, बाबा, माझी चूल कुठल्या वॉर्डात येते तेवढे सांग. आम्ही सगळे खूप हसलो होतो.

तेव्हा घाबरू नकोस. या रेघा कशा पडतात ते मला माहीत आहे, म्हणून त्या कुठे कच्च्या असतात तेही माहीत आहे. प्रत्येक हद्दीमागे एक मूळ नकाशा असतो. तो कुणी काढला, कुणाच्या हुकमाने काढला, सही कुणाची, हे विचारायचे. बहुतेक वेळा जुन्यावरून नवा गिरवलेला असतो आणि पहिल्याला बापच नसतो. कचेरीतून त्याची प्रत काढ आणि मला पाठव. आईला सांग, तिचा मुलगा याच कामात म्हातारा झाला आहे. तिला मी कुठेही जाऊ देणार नाही.

मेथी पोस्टाने पाठवू नकोस, मी घेऊन जाईन. दौंडपर्यंत गाडी, पुढे बस, मला सवय आहे.

ओढ कायम असो.
दादा


पिंपळदरा
दि. २५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

सोबत झेरॉक्स आहे. चार चकरा मारल्या तेव्हा मिळाली. तू म्हणालास तसंच निघालं. खाली सही नाही, शिक्का नाही, नुसतं साल आहे, १९९४. त्यावरूनच पुढचे सगळे नकाशे गिरवलेत. वरवंडहून प्राची आली होती. ती तर उड्या मारायला लागली, म्हणाली, आई, सही नाही म्हणजे हा कागद टिकत नाही. आपली पोरगी यवतला वकिलाच्या हाताखाली टायपिंग करते, तर निम्मी वकील झालीच आहे.

आणि गंमत बघ, ज्या ओढ्याची हद्द तो ओढाच राहिला नाही. प्लॉटवाल्यांनी मुरूम टाकून बुजवला, खालून पाइप गेलाय. आईच्या दारापुढं आता सपाट रस्ता आहे. परका माणूस आला तर त्याला हद्द दाखवायला बोट कुठं करायचं, हे आम्हालाच कळत नाही.

आईला मी तो कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, पण बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. वरच्या कोपऱ्यातल्या उत्तर दिशेच्या बाणावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, ह्यो महेंद्राला धाडू नगंस. का म्हणून विचारलं तर उठून शेळीला पाणी पाजायला गेली. वयामुळं असेल. मी पाठवतेय.

हरकत तूच लिही. आमच्या भाषेत जोर येत नाही.

आठवण ठेव.
राजू


गोवंडी
दि. ३ मार्च २०२५

चि. सौ. राजूस,
जयभीम. वि. वि.

तुझे पाकीट शनिवारी आले. आज तिसरा दिवस. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो.

हा नकाशा मी काढलेला आहे.

त्या बाणाच्या शेपटाला तीन पिसे आहेत, पाहा. तसा बाण मी शाळेत असल्यापासून काढतो. ऑफिसात साहेब त्यावरून रागवायचे. चौऱ्याण्णव साली दिवाळीला मी गावी आलो होतो. पंचायतीचा नवा कायदा आला होता, वॉर्ड पाडायचे होते. तेव्हाचे सरपंच आप्पा दाराशी आले. आपल्या दाराशी सरपंच येण्याची ती पहिलीच वेळ. म्हणाले, तुमचा महेंद्र मुंबईचे नकाशे काढतो, आमच्या गावाचा एक काढून देईल का. मी एका दुपारी काढून दिला. कुणाचा हुकूम नव्हता, म्हणून सही केली नाही.

आम्हाला शिकवलेले असे, की हद्दीला नैसर्गिक खूण धरावी. नदी, नाला, रस्ता, रूळ. मी ओढा धरला. आबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, आरं, वडा वस्तीच्या कडंनं न्हाई जात, वस्तीतनं जातो, बायका दिवसातनं धा येळा वलांडत्यात. मी त्यांना म्हणालो, आबा, तुम्हाला नकाशातले कळत नाही. आप्पा हसले, मीही हसलो.

तेव्हा ती नुसती वॉर्डाची रेघ होती, पंचायत एकच. तिने कुणाचे काही बिघडत नव्हते. पण मला तरी हे कळायला हवे होते, की रेघ एकदा कागदावर पडली की पुढचा प्रत्येक माणूस तिच्यावरूनच पेन्सिल फिरवतो. त्या म्हातारीला मी हसलो होतो, राजू. माझ्या आईची चूल मीच पलीकडे टाकली.

रडून उपयोग नाही. सोबत प्रतिज्ञापत्र आहे, नोटरी करून. त्यात सगळे लिहिले आहे. हुकूम नसताना, सुटीवर असताना, मोजणी खात्याच्या माणसाशिवाय एका दुपारी काढलेला कागद, तो सरकारी धरू नये. हरकतही जोडली आहे. दोन्ही दहा तारखेच्या आत दे. मी सुनावणीला आलो असतो, पण मला तिथले काही ऐकू येणार नाही, आणि आईसमोर उभे राहायचे आत्ता धाडस नाही. तिला हे सांगू नकोस.

दादा


पिंपळदरा
दि. २२ मार्च २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

सुनावणी झाली. साहेब वाईट नव्हते. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. आपल्या सातही घरांतली माणसं आली होती. पलीकडच्या धनगरवाड्यातले ज्ञानूमामाही आमच्या बाजूनं बोलले, की ही घरं एकत्रच राहू द्या.

प्राचीनं तुझं प्रतिज्ञापत्र पुढं ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, की मूळ नकाशा कुणी केला हीच आमची शंका होती, ती आता मिटली. काढणारा गावचाच माणूस, महापालिकेतला शिकलेला आरेखक, आणि त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत तो नकाशा चाललाय. त्यांनी कारकुनाला सांगून ते टिपणात घ्यायला लावलं. प्राची म्हणाली, साहेब, ओढाच राहिला नाही. ते म्हणाले, बाई, हद्द पाण्यात नसते, कागदावर असते. हे सगळं ते इतकं समजावून बोलत होते, की आम्हाला रागावायलाही जागा मिळाली नाही.

हरकत फेटाळली. पुण्याला अपील करता येतं म्हणतात, प्राची करणार आहे. तिच्याही तोंडावर आता उजेड दिसत नाही.

दादा, मी हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू विचारशील, आणि मला खोटं जमत नाही. कागद तू काढलास ते सुनावणीत सगळ्यांसमोर वाचलं गेलं. आई ऐकत होती. परत येताना बसमध्ये ती सगळा वेळ खिडकीकडं तोंड करून बसली.

तू ये. कुणी काही म्हणत नाही.
राजू


गोवंडी
दि. ३१ मार्च २०२५

चि. सौ. राजूस,
जयभीम.

म्हणजे मी तोंड उघडले नसते तर बरे झाले असते. कागदाला बाप नव्हता, तो मीच जाऊन दिला.

मला तोंड दाखवायला जागा नाही. अपिलाला जे कागद लागतील ते पाठवत राहीन. आईला काय सांगायचे ते तूच सांग.

दादा


पिंपळदरा
दि. १४ मे २०२५

चि. महेंद्रास,
आईचा जयभीम आन् लई लई आशीर्वाद.

राजू लिहिती, मी सांगती. तिला म्हणलं, सुधरवू नगंस, मी बोलती तसंच लिही.

वैशाखी पुनवंला विहारात खीर केली व्हती. तुझी वाट बघितली. पुण्याचा कागद कालच आला. तिथं बी न्हाईच म्हणत्यात. आता आपल्या दारापुढं खांब रोवलाय, त्यावर नव्या पंचायतीचं नाव हाय. शेळी त्याला अंग घासती.

तू काय लपिवलं न्हाईस माझ्यापासनं. झेरॉक्स आली त्याच दिशी मी वळीखलं. त्यो पिसाचा बाण तू आपल्या भितीवर कोळशानं काढायचास, मी सारवून सारवून दमायची. म्हणून राजूला म्हणलं, धाडू नगंस, पोरगं जिवाला लावून घेईल.

आता माझं ऐक. त्या दिवाळीला तू मापं घेतलीस तवा टेपाचं दुसरं टोक कुणी धरलं व्हतं. मी धरलं व्हतं. वड्याच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला तू. तू वरडायचास, आई, ताणून धर. मी ताणून धरायची. समदी वस्ती बघत व्हती, सरपंच बघत व्हता. माझं लेकरू सायबावानी मापतंय म्हणून मला दुसरं काय दिसतच नव्हतं. तुझं आबा बोललं ते मी बी ऐकलं. रातच्याला ते पुन्यांदा म्हणाले, तर मीच त्यास्नी गप केलं, म्हणलं, पोराचं कवा न्हाई ते नाव झालंय, त्यात खोट काढू नगा. तवा एकट्याच्या डोक्यावर घिऊ नगंस. रेघ आपण दोघांनी वढलीय.

टेप तू इसरून गेला व्हतास. कापडी व्हता, तीस मीटरचा. इतकी वर्सं पेटीत ठिवलाय, तू मागशील म्हणून. काल मी राजूला काढायला लावला. माझ्या उंबऱ्यापासनं आबांच्या जागंपतूर मोजलं. दोन टेप आन् वर चार मीटर भरलं. एवढंच हाय.

आता तुला सांगायचं ते हे. माझं झालं म्हंजी हितं दाखला मागतील, तिथं ठराव काढतील. तू आबांच्या शेजारी न्यायचं म्हणून भांडशील. भांडू नगंस. त्या कचेरीच्या दारात तुझे आबा अकरा दिस बसले, तू बसू नगंस, तुझं बी वय झालंय. माळावर म्हणाले तर माळावर न्हे. मी राजूला सांगितलंय, माझा हट्ट सुटला.

फकस्त यायचं चुकवू नगंस. टेपाचं टोक मी धरलं व्हतं, माझ्या तिरडीचं तू धर.

तुझी आई,
ताईबाई म्हाळू रणपिसे
(अंगठा)