दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र

३ जून १९६३
कॉलेजात जाऊन आले. तत्त्वज्ञान शिकवायची जागा खरंच रिकामी आहे! पण एम.ए.चं सर्टिफिकेट 'कमल केतकर'चं, अर्ज 'वसुधा लेले'चा. कानडी कारकून म्हणाला, "आडनाव बदलतं, सरी, ठीक. नाव कसं बदलेल अम्मा? ही बाई दुसरीच." लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, हे इंग्रजीत समजावताना घाम फुटला. आता शपथेवर लिहून द्यायचं, दोघी एकच म्हणून. मुदत पंधरा तारखेची.

४ जून
घरमालकीण अक्कांना सांगितलं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत कानडी मिसळतात. त्यांना मजा वाटली. "स्वल्प सही करायची गं, त्यात काय मोठं?"
एम.ए.ची वही काढली. आठवण आहे तोवरच 'मी' तीच, असं पानभर ठासून लिहिलंय कमलनं. अक्षर माझं. लिहिल्याचं अजिबात आठवत नाही. म्हणजे तिच्याच म्हणण्याप्रमाणे मी ती नव्हे! चिडले. कुणावर, कळेना.

७ जून
भात करपला. ह्यांना म्हटलं, खोटी शपथ होईल हो. हे कारखान्यातून दमून आलेले. "अगं, सही करायचीय, सिद्ध नाही करायचं." पटलं. पाच मिनिटं.
नऊ वर्षांत एक पुस्तक धड वाचलं नाही. कमल असती तर... जाऊ दे.

१० जून
मॅजिस्ट्रेटांनी नाव विचारलं. तोंडातून गेलं, "कमल." कागदावर वसुधा. ते चष्म्यावरून बघत राहिले. "मग शपथ घेतंय कोण?"
मला हसू आलं, रडूही. हे शेजारीच उभे होते, ते हसले नाहीत. सही केली एकदाची.

२२ जून, शनिवार
जागा मिळाली! पत्रात शेवटी एक ओळ: हजेरीपटावर कोणतं नाव लावायचं ते सोमवारी कळवावे.
'कमल' लावू का, असं ह्यांना विचारलं. "तुला हवं ते लाव." मग बूट पुसता पुसता, "आठ दिवस नाव शोधत होतो तेव्हा. कागदावर लिहून लिहून बघायचो, वसुधा कसं दिसतं ते." नऊ वर्षांत हे कधी बोलले नव्हते. हातातलं पत्र खाली ठेवलं. रागही आला, आत्ताच का सांगितलंत?
उत्तर लिहायला घेतलंय. 'मी, खाली सही करणारी,' इथपर्यंत झालं.